बराक नंबर तीनचं गाऱ्हाणं

एकतीस वर्षांच्या नोकरीत मला एकच मेमो मिळाला. एकच! तोही ड्युटीवर झोपलो म्हणून नव्हे, कुणाकडून काही घेतलं म्हणून तर नव्हेच नव्हे. देवाला 'व्हय म्हाराजा' म्हटलं म्हणून. विमला, म्हणजे आमची मंडळी, आजही पाहुण्यांपुढे चहा ठेवला की ही गोष्ट काढते आणि मी मुकाट ऐकत बसतो. पण ती नेहमी अर्धीच सांगते. लोक हसले की तिचं काम झालं. म्हणून म्हटलं, एकदा मीच पुरी सांगून टाकावी.

मी धोंडू पराडकर. वाडी मळई, विजयदुर्गाच्या अलीकडे खाडीकाठाला. नोकरी तुरुंग खात्यात. शिपाई म्हणून चिकटलो आणि हवालदार म्हणून सुटलो. हो, आम्हीही सुटतोच की, फक्त आमच्या सुटकेला पेढे वाटतात. शेवटची आठ-नऊ वर्षं घाटावरच्या एका मोठ्या जेलात काढली आणि तिथेच एक दिवस आमच्याच वाडीचा बाबू सारंग गाडीतून उतरला. ही गोष्ट त्या बाबूची आहे. मी आपला मध्ये मध्ये येणार. त्याला इलाज नाही, स्वभावच तसा आहे.

बाबू म्हणजे आमच्या वाडीचा गळा. त्याच्यासारखं गाऱ्हाणं घालणारा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. आता घाटावरच्या मंडळींना सांगायला हवं. आमच्याकडे कुठलंही काम काढलं की आधी देवापुढे नारळ ठेवून उभ्या आवाजात मागणं मांडतात. लग्न असो, विहीर असो, नवं जाळं असो, झिलगो, म्हणजे पोरगा, दहावीला बसलेला असो. एक जण सांगत जातो, बाकीचे प्रत्येक वाक्यामागे 'व्हय म्हाराजा' म्हणून हुंकार भरतात. ते गाऱ्हाणं. म्हातारे जिवबा गावकर गाऱ्हाणं घालत तेव्हा देवालाही डुलकी लागत असावी. बाबू घालायला लागला की बायका पदर तोंडाला लावून हसत आणि शेवटी त्याच पदराने डोळे पुसत.

असा माणूस तुरुंगात कसा गेला? दारू, दुसरं काय! शिमग्याचे दिवस, दिवस मावळायची वेळ. बाबू आणि सुदेश तांडेल, दोघे एका पाटीवर शिकलेले, एका होडीवर जाणारे. होडी सुदेशची. तिच्या मशीनचा पंखा वाकला, तो कुणी वाकवला यावरून धक्क्यावर जुंपली. बाबूने ढकललं, सुदेश खाली दगडांवर पडला आणि गेला. त्याची बायको रसिका तेव्हा तिशीच्या आतबाहेर, मुलगी आकांक्षा आठ वर्षांची. वकिलाने पढवलं म्हणून बाबू कोर्टात शेवटपर्यंत 'मी तिथे नव्हतोच' म्हणत राहिला. पण पलीकडे जाळं विणणाऱ्या दोघांनी ते भांडण लांबून बघितलं होतं, खाली पडलेला सुदेश मात्र त्यांना दिसला नव्हता. खुनाचं कलम नाही लागलं, सदोष मनुष्यवध लागला. दहा वर्षं.

पहिले सहा महिने बाबू तोंड उघडेना. जेवणाच्या रांगेत उभा राही, गिनतीला उभा राही, पुन्हा भिंतीला टेके. मी त्याला एकदा दरडावलं, "मेल्या, बोल काय तरी, नायतर वेडो होशीत." तर माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, हयसर माका कोण वळाखता?" मला राग आला. मी काय खांब आहे?

तोंड उघडलं ते एका लातूरच्या म्हाताऱ्यामुळे. बराक नंबर तीनमध्ये बाबूच्या शेजारी त्याची सतरंजी. त्याची हायकोर्टात जामिनाची तारीख होती आणि तो आदल्या दिवसापासून थरथरत होता. सकाळी मी कुलूप काढायला गेलो तर बाबू उठून खिडकीकडे तोंड करून उभा. नारळ कुठला मिळणार, म्हणून कॅन्टीनचा बिस्किटाचा पुडा समोर ठेवलेला. आणि सुरू!

"बा देवा म्हाराजा! आज ह्या आमच्या लातूरच्या आजोबाची हायकोर्टात तारीख आसा म्हाराजा!"

शेजारच्या चार पोरांना त्याने आधीच पढवून ठेवलं असावं. ती म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

"तेचो वकील मागच्या दोन तारखांक इलोच नाय, तेका आज येळेर जाग येव दी म्हाराजा!"

आता वीस जण. "व्हय म्हाराजा!"

"जज्जसायबाची तब्येत बरी रवांदे, सकाळी तेंका बरा खावक गावांदे, आणि आजोबाची फाईल गठ्ठ्यात सगळ्यांत वर गावांदे म्हाराजा!"

नांदेड, सोलापूर, बीड, सांगली, साठ माणसं एका सुरात गरजली. आणि दारात चावी हातात धरून उभा असलेला, अंगावर खाकी चढवलेला, हवालदार धोंडू पराडकर त्या साठ जणांच्या वर आवाज काढून ओरडला, "व्हय म्हाराजाऽऽ!"

अहो, मी ठरवून नाही ओरडलो! मळईत जन्मलेल्या माणसाला गाऱ्हाणं ऐकून गप्प बसताच येत नाही. शिंक येते तसं ते येतं. माझ्या मागे नेमके आमचे तुरुंगाधिकारी उभे होते, विदर्भातले, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी शिट्टी फुंकली. वीस शिपाई काठ्या घेऊन धावत आले आणि समोर बघतात तर काय, बिस्किटाचा पुडा.

मेमो आला. 'आपण कर्तव्यावर असताना बंद्यांच्या घोषणाबाजीत सहभागी झाल्याचे निदर्शनास आले आहे. तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.' मी लिहिलं, 'सदर प्रकार घोषणाबाजी नसून गाऱ्हाणे आहे. सदर उत्तर मी दिलेले नसून ते आपोआप आलेले आहे.' हा खुलासा वाचून आमच्या अधीक्षक मॅडम इतक्या हसल्या म्हणे की चष्मा काढून ठेवावा लागला. त्यांनी मला आणि बाबूला ऑफिसात बोलावलं. बाबूला म्हणाल्या, "करून दाखवा." बाबूने ऑफिसच्या गळक्या छपरासाठी गाऱ्हाणं घातलं. बांधकाम खात्याच्या इंजिनियरला सद्बुद्धी मागितली. मॅडम शेवटच्या ओळीला हळूच 'व्हय म्हाराजा' म्हणाल्या, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्यांना कोण मेमो देणार?

आणि म्हाताऱ्याला जामीन मिळाला. झालं! मग रांगच लागली. तारीख असलेला, मुलाखतीला बायको येणार असलेला, बारावीचा फॉर्म भरलेला, जो तो पुडा घेऊन बाबूकडे. मॅडमनी रविवारी सकाळी अर्धा तास अधिकृत करून दिला. मी तुम्हाला सांगतो, मी मारामाऱ्या बघितल्यात, माणसं स्वतःचे हात कापून घेताना बघितलीत. पण त्या अर्ध्या तासात एक माणूस दुसऱ्यासाठी काहीतरी मोठ्याने मागतो आणि साठ जण त्याला होकार देतात, यानंतर त्या बराकीत भांडण लावायला कुणाला जमत नसे. खात्यात सुधारणेवर व्याख्यानं होतात, आम्ही मागच्या रांगेत बसून चहाची वाट बघतो. मी मात्र एवढंच बघितलेलं सांगतोय.

बाबू सुतारकामाच्या कारखान्यात लागला. दारं करायला शिकला. हो, तुरुंगात दारं! मी त्याला यावरून फार छळलं. माफीचे दिवस धरून सातव्या वर्षी तो सुटला. मी त्याच्या वर्षभर आधीच निवृत्त होऊन मळईत आलो होतो. त्याची आई यशोदाकाकी, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तिला एवढा प्रवास झेपणार नव्हता, म्हणून मी त्याला घ्यायला वैभववाडीला गेलो. घाट उतरून गाडी आली, बाबू उतरला, मी त्याला वडापाव दिला. खाऊन झाल्यावर तो उभा राहून माझ्याकडे बघत राहिला.

"काय रे?"

"मुतारीक जावचा होता."

"मगे जा की!"

"जाव?" तो म्हणाला. भर स्टँडवर, मिशा पिकत आलेला माणूस मला परवानगी मागत होता. मला हसू आलं आणि लगेच गेलं. आम्हीच त्याला हे शिकवलं होतं ना? मी म्हटलं, "बाबू, आता परत माका असा इचारलंस तर थोबाड फोडीन." तर हसला आणि गेला.

घरी आला तर उंबऱ्यापाशी थांबला. दार उघडंच होतं. यशोदाकाकी आतून हाका मारतेय, "ये रे बाबा, ये!" आणि हा बाहेर उभा, कोणीतरी उघडेल म्हणून. ही सवय जाता जाईना. पुढे माझ्या न्हाणीघराला त्याने दार करून दिलं, झकास, फणसाचं. ते बसवून झाल्यावर स्वतः केलेल्या त्या दाराबाहेर हातात पटाशी घेऊन मुकाट थांबला. विमलेने आतून दार ढकललं आणि म्हणाली, "सायब, या, तुमची सुटका झाली." त्या दिवशी बाबू पहिल्यांदा खळखळून हसला.

पण माझं एक दार सोडलं तर त्याला काम मिळेना. लोक बोलावत, माप घ्यायला लावत, मग निरोप येई, 'सध्या रवांदे.' होडीवर कोण घेणार? आणि वाडीत सगळ्यांत कठीण होतं ते रसिकाचं घर. बाबूच्या घरातून कुठेही जायचं तर तिच्या अंगणावरून जावं लागतं. तो दिसला की ती उठून आत जाई आणि दार लावून घेई. आपटत नसे. हळूच लावी.

"शिव्यो घातल्यान असत्यो तरी बरा झाला असता, काका," बाबू मला म्हणाला. "ती काय बोलतच नाय. माझ्यान ह्या सोसणा नाय. बांद्याच्या फुडे गोव्यात मावसभावाच्या हॉटेलात काम आसा, थंय जातंय."

"आणि आवस?" मी त्याच्या आईचं विचारलं.

"तिका म्हयन्याक येवन बघान जाईन."

यशोदाकाकी हे ऐकून मला येऊन म्हणाली, "धोंडू, सात वर्षां मी मरणाक थांबवन ठेयलंय. आता ह्यो आणि जाता म्हणता. मी आणि किती थांबू?" म्हातारी रडत नव्हती, विचारत होती. असं काही ऐकलं की मला फार राग येतो. रागात मी काहीतरी करून बसतो. तेच केलं.

रसिका घरी पर्यटकांना जेवण करून घालते. तिच्या हातचं तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, सुकं खायला पुण्याची माणसं फोन करून येतात. यंदा तिने ठरवलं, सुदेशची होडी दुरुस्त करायची आणि खाडीत पाहुण्यांना फिरवायची. सात वर्षं ती होडी माडाखाली उलटी पडली होती. तिचा भाऊ विनीत होडी चालवणार होता. सगळं झालं, रंग लागला, सकाळच्या भरतीला पाण्यात लोटायचा दिवस ठरला. आणि गाऱ्हाणं घालणारे जिवबा गावकर डोळ्याच्या ऑपरेशनला मुंबईला लेकीकडे! गाऱ्हाणं न घालता होडी लोटायची? आमच्याकडे कुणाची छाती नाही. देवळासमोर माणसं जमली, आता काय करायचं म्हणून.

मी म्हटलं, "बाबू घालीत."

काय गोंधळ उडाला! "धोंडू, तुका अक्कल आसा काय?" "ज्येना घोव मारल्यान तोच तिच्या होडीक गाऱ्हाणा घालतलो?" "जेलात रवान तुझा डोक्या फिरलासा!" मीही ऐकून घेणाऱ्यांतला नाही. म्हटलं, "शिक्षा कोर्टान दिल्यान, ती तेना भोगल्यान. तुमी कोण आणखी दुसरी देणारे? आणि तुमच्यापैकी कोणाक तरी घालूक येता काय? घाला, मी आयकतंय!" एकेक जण काढता पाय घेऊ लागला. रागाच्या भरात आपण रसिकाला विचारलंच नाही, हे माझ्या ध्यानात घरी आल्यावर आलं. विमलेने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी आकांक्षा आली. आता पंधरा वर्षांची, बापाच्याच उंचीवर गेलेली. दारातूनच म्हणाली, "काका, आई सांगता, येव दी तेका."

मी उडालोच. विमलेला म्हटलं, "बघितलंस? ह्येका म्हणतत सुधारणा! बाईन माफ केल्यान!" रात्रीचं जेवण मला गोड लागलं. मनातल्या मनात मी अधीक्षक मॅडमना पत्रसुद्धा लिहून टाकलं. विमला फक्त एवढंच म्हणाली, "ती 'येव दी' म्हणाली. 'माफ केलंय' म्हणाक नाय." मी म्हटलं, तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. ती भांडी घासायला निघून गेली.

बाबू कसाबसा तयार झाला. "घालतंय आणि तसोच अकराच्या गाडीक जातंय," म्हणाला. सकाळी खांद्याला पिशवी अडकवूनच खाडीवर आला. सगळी वाडी हजर. होडी निळी-पांढरी रंगवलेली, नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, झेंडूची माळ. रसिका होडीला टेकून उभी होती, शेजारी आकांक्षा. बाबूने पिशवी वाळूत ठेवली, नारळ घेतला, पाण्याकडे तोंड केलं. एकदा खाकरला. मग सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, बारा-पाचाच्या म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान होडी पाण्यात घालूचा मनात आणल्यान आसा, तिका यश दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हिच्या होडीत येतले ते पावणे पोट भरान हसांदे, वाकान फोटो काढताना कोण पाण्यात पडा नको, आणि पडलोच तर तेका पवाक येवांदे म्हाराजा!"

हसू पिकलं. "व्हय म्हाराजा!"

"विनीताक मशीन येळेर सुरू जावांदे. तेचो मोबाईल खाडीत पडा नको, तो गेल्या वर्षी दोनदा पडलोसा म्हाराजा!"

आता विनीतही हसत होता. मी विमलेकडे बघितलं, म्हणजे, काय कसा आहे आपला माणूस! सात वर्षांत गावाने असं गाऱ्हाणं ऐकलं नव्हतं. म्हाताऱ्या पुढे सरकल्या होत्या. मग बाबू शेवटाकडे आला. शेवटी ठरलेलं असतं, काही चुकलं-माकलं असेल तर देवा पोटात घाल. जिवबा ते एका दमात उरकतात. बाबूही सुरू झाला, "आणि आमच्या हातसून काय चुकला-माकला आसात..." आणि थांबला.

नारळ त्याने छातीशी धरला. तो म्हणाला, "माझ्या हातसून सुदेश गेलो म्हाराजा. ता पोटात घाल म्हाराजा."

याला 'व्हय म्हाराजा' कसं म्हणायचं? कोण काय म्हणणार? मी तोंड उघडलं होतं, खोटं कशाला सांगू, सवयीने माझ्या जिभेवर आलंच होतं. विमलेने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डाग आठवडाभर होता.

"देवाक कित्याक सांगतस?"

रसिका बोलली होती. सात वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी. आवाज चढलेला नव्हता. "देव थंय नव्हतो. तू होतंस. कोर्टात सांगितलंस, मी नव्हतंय म्हणान. माका सांग."

बाबू वळला. इतकी वर्षं मी त्याला रोज बघितलं होतं, त्याचं ते तोंड मी कधी बघितलं नव्हतं.

"मी होतंय, वयनी," तो म्हणाला. "पंखो मीच वाकवलेलंय. तो खरा बोलत होतो म्हणान माका राग इलो. दोनय हातांनी ढकललंय तेका. तो खाली पडलो. मी वरसून बघलंय. तेना हाक मारल्यान."

रसिका सरळ झाली. "जितो होतो?"

"होतो. 'बाबू, हात दी रे' म्हणालो. माका वाटला पाय मुरगळलो आसतलो, नाटका करता. मी पाठ फिरवन चलाक लागलंय."

"मगे?"

"मगे आणि एकदा हाक मारल्यान."

"तुका?"

"माका नाय. तुका. 'रसिका' म्हणालो. मी तसोच घराक गेलंय आणि निजलंय."

रसिकाने होडीच्या काठाला हात लावला आणि हळूहळू खाली वाळूत बसली. आकांक्षाने तिला दोन्ही हातांनी धरलं.

"माका सगळ्यांनी सांगितला, जाग्यार गेलो, तेका काय कळाकसुद्धा नाय," रसिका म्हणाली. खरं होतं. सगळ्यांनी सांगितलं होतं. मीही सांगितलं होतं, रजेवर आलो तेव्हा, तिच्याच ओसरीवर बसून, मोठ्या शहाण्यासारखं. मला काय माहीत होतं? काही नाही. तिला बरं वाटावं म्हणून बोललो होतो. मला माझी इतकी लाज वाटली की मी पाण्याकडे बघायला लागलो.

"तेना माझा नाव घेतल्यान," ती बाबूला म्हणाली. "आणि ता सात वर्षां तुझ्याकडे होता. ता माझा होता, बाबू."

बाबू रडत होता. हमसून नव्हे, नुसतं पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता, कारण हातात नारळ. रसिकाही रडली. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग विनीत चाचरत म्हणाला, "ताई, पाणी उतराक लागला." तशी ती उठली, पदराने तोंड पुसलं आणि बाबूला म्हणाली, "गाऱ्हाणा आटप."

बाबूने आटपलं. इतकं वाईट गाऱ्हाणं त्याने आयुष्यात घातलं नसेल. अर्धे शब्द गिळले, देवांची नावं उलटीसुलटी केली. नारळ फुटला, माणसांनी होडीला खांदे लावले आणि होडी पाण्यात गेली. बाबूने मात्र होडीला हात लावला नाही. पिशवी उचलून तो रस्त्याच्या बाजूला चालायला लागला. यशोदाकाकी काठी टेकत त्याच्या मागे निघाली. माझं सगळं बोलून झालं होतं.

रसिकाने पाण्यातूनच हाक मारली. गुडघाभर पाण्यात उभी होती, साडी भिजलेली.

"गोव्याक जाव नको," ती म्हणाली. "माका अजून खूप इचारूचा आसा."

बाबू गेला नाही. म्हणजे आता सगळं आनंदीआनंद आहे असं समजू नका. तिने माफ केलं का, मला ठाऊक नाही, आणि विमला म्हणते तो प्रश्न मी कुणाला विचारायचाही नाही. वाडीतली चार घरं अजून त्याला काम देत नाहीत. पण आठवड्यातून एकदा-दोनदा दुपारी रसिका त्याला हाक मारते, तो तिच्या पायरीवर बसतो, आणि ती विचारते. पहिले काही दिवस ती त्या संध्याकाळचंच विचारायची, पुन्हा पुन्हा, कुठल्या दगडावर, कुठल्या कुशीवर. तो सांगायचा.

परवा मी तिच्याकडे तिसऱ्या द्यायला गेलो होतो. बाबू पायरीवर, रसिका भाजी निवडतेय, आणि आकांक्षा बाबूच्या समोर मांडी ठोकून बसलेली. ती विचारत होती, "माझे बाबा माझ्यायेवढे होते तेवा कशे होते?"

सुदेशबरोबर एका पाटीवर शिकलेला, ते सांगू शकणारा माणूस आख्ख्या वाडीत एकच होता. मी तिसऱ्या ठेवल्या आणि मध्ये न येता परत आलो.